कोंड्याचं पाणी

बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, हा गुणाबाईच्या घरातला नियम वैशाखालाही लागू होता. वैशाखाला तो कोणी समजावून सांगितला नव्हता, एवढंच.

नागभीडच्या अलीकडचं ते धानाचं गाव. धान कधीच निघून गेलेलं, शेतातल्या बांध्या भेगाळलेल्या, आणि ऊन असं की पाखरं सकाळीच झाडात शिरत ती दिवस कलल्याशिवाय बाहेर पडत नसत. अशा दिवसांत गुणाबाईची सून पारबता कुडाच्या खोलीत बाजेवर पडून होती. झरोका चिंध्यांनी बुजवलेला. कानांना फडकं घट्ट बांधलेलं. बाजेखाली घमेल्यात निखारे, त्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी. कुशीत पहिलीच पोर, अजून नाव नसलेली. आणि दाराबाहेर, उंबऱ्याला पाठ लावून, गुणाबाई.

जेवताना ओव्याचं उकळलेलं पाणी वाटीच्या बुडाशी असायचं तेवढं मिळे. ते तोंडात गेलं की तोंडातच संपे, घशापर्यंत पोचतच नसे. त्यावर डिंकाचा आणि मेथीचा लाडू. लाडू चांगला होता, तूप सढळ हातानं घातलेलं होतं; पण तो गिळायला तोंडात ओल लागते, आणि ओल कुठून आणायची, याचं उत्तर लाडूत नव्हतं.

गुणाबाई वाईट होती असं कोणी म्हणू नये. तिची लेक रुखमा माहेरी बाळंत झाली होती, तीही उन्हाळ्यातच. पोरगी पाणी पाणी करत होती, आईला राहवलं नाही, तिनं माठातलं गार पाणी लोटाभर पाजलं. त्याच संध्याकाळी रुखमाला थंडी भरून आली, मग ताप चढला, मग अंगाला दरदरून घाम सुटला, आणि त्या घामातच ती गेली. पाठोपाठ लेकरूही गेलं. गावानं सांगितलं, पाण्यानं गेली. गुणाबाईला सांगायची गरज नव्हती. लोटा तिच्याच हातात होता. तेव्हापासून तिनं ठरवलं की आपल्या हातून आता दुसरी बाळंतीण जायची नाही. म्हणून ती उंबरा सोडत नव्हती. डुलकीसुद्धा बसल्या जागीच घेई.

मुखरू, पारबताचा नवरा, तेंदूपत्ता तोडायला फडीवर गडचिरोलीकडच्या जंगलात गेलेला. सासरा सोमाजी ओसरीवर असे, पण बाळंतिणीच्या खोलीत काय चाललं आहे हे पुरुषमाणसानं विचारायची रीत नव्हती आणि रीत मोडण्याइतका सोमाजी कधीच जागा नसे.

तर पारबता पडून होती आणि तिचं अंग आपल्या परीनं घर चालवत होतं. त्या भागात तलावाचं पाणी आटू लागलं की पाणी सोडणारा माणूस एकेक पाट बंद करत येतो. आधी लांबचे, मग जवळचे. अंगातही असा एक माणूस बसलेला असतो. तो दिसत नाही, पण झोपतही नाही. त्यानं आधी लघवीचं पाणी अडवलं. ती थोडी, गडद आणि जळजळत होऊ लागली. मग तोंडातली लाळ घेतली. पोट दगडासारखं झालं, कारण आतड्यानं जेवढं मिळेल तेवढं पाणी पिळून घेतलं होतं. रक्त कमी पडू लागलं तसं काळजाला सांगितलं, तू पळ. आणि काळीज पळू लागलं. पारबता नुसती कुशीवर वळली तरी छातीत कोणी उखळात मुसळ घालावं तसं वाजे.

एक पाट मात्र त्याला बंद करता येत नव्हता. घामाचा. बाजेखाली निखारे असताना घाम थांबवला असता तर अंग भाजून निघालं असतं. म्हणजे एकीकडून वाचवायचं आणि दुसरीकडून सांडत राहायचं. शेवटी त्यानं दुधाचा पाट आवळायला घेतला.

पोर छातीला लागे, चारदोन वेळा ओढी आणि सोडून देऊन रडे. गुणाबाई दारातून ऐके. दूध आटतं आहे म्हणजे अंगात वारं शिरलं, असा तिचा हिशेब. वाऱ्याला उपाय शेक. मग ती घमेल्यात आणखी निखारे ओती आणि लाडू एकाऐवजी दोन देई. शेक वाढला की घाम वाढे, घाम वाढला की दूध आटे, दूध आटलं की शेक वाढे. सासू जीव तोडून माया करत होती आणि सून त्या मायेत भाजून निघत होती.

पारबताला यातलं काही सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळत होतं की डोक्यात दुसरा विचार येत नाही. माहेरची आठवण काढावी तर माहेरची विहीर दिसे. नवऱ्याची काढावी तर त्यानं ओंजळीनं पाणी पिताना कोपरावरून गळलेलं पाणी दिसे. नवरा दिसतच नसे.

आंघोळीला मात्र पाणी होतं. कडुनिंबाचा पाला टाकून उकळलेलं, अंगावर कढत कढत ओतायचं. सुईण बुधरी जवळच्या जंगलातल्या पाड्यावरून येई, तेल रगडे आणि डोक्यावरून तांब्यानं पाणी सोडे. पारबतानं एका सकाळी मान वर केली आणि तोंड उघडलं. पाणी जहर कडू होतं. जीभ पोळली. पण ते आत गेलं, आणि आत गेल्यावर ते कडू आहे की गोड हे विचारायला कोणी बसलेलं नव्हतं. त्या दिवशी पोरीला जरा वेळ ओढायला मिळालं.

बुधरीनं पाहिलं होतं. बुधरी मनाची चांगली, पण तिच्या पोटात गंमत टिकत नसे. चहा पिता पिता ती गुणाबाईला म्हणाली, “तुमची सून लय गुणाची हाय हो. कडुनिंब पेते.”

गुणाबाई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी ओतायचं काम बुधरीकडे राहिलं आणि सुनेचं तोंड धरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. मागून येऊन ती आपला तळवा पारबताच्या ओठांवर दाबून धरे. तो हात कापत असे, हे पारबताला ओठांवर कळे, आणि म्हणून तिला त्या हाताला चावताही येत नसे.

न्हाणी गोठ्याला लागून होती आणि गोठा खोलीला लागून. मधे फक्त कूड. गोठ्यात भुरी नावाची म्हैस होती, तीही नुकतीच व्यालेली. दुपार कलली की सोमाजी तिला बादली भरून कोमट पाणी ठेवी, त्यात धानाचा कोंडा आणि मूठभर मीठ. भुरी नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून पिई. सुर्रर असा लांब आवाज येई, मग घटघट, मग समाधानाचा उसासा. कुडाच्या अलीकडे पारबता डोळे मिटून तो ऐके. म्हशीचा हेवा करायची वेळ आपल्यावर येईल असं तिला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं एकदा विचारून पाहिलं. “बाई, भुरीले बादलीभर पाजता. तेबी तं बाळंतीणच हाय.”

गुणाबाई दाराशीच बसलेली होती. तिनं मागं वळून न पाहता सांगितलं, “जनावराचं आंग अलग असते. त्याले वारं लागत नाई.” मग, पहिल्यापेक्षा हळू, “तुले वाटते मले तुयी कीव येत नाई. मले कीव आलती एकदा.”

त्यानंतर पारबतानं मागितलं नाही. दाराला कडी नव्हतीच. दाराशी ही बाई बसलेली होती, आणि तिला ओलांडून जायचं म्हणजे तिच्या मेलेल्या लेकीला ओलांडून जायचं. शिवाय जायचं तरी कुठं? बाळंतपणाचा विटाळ होता. स्वयंपाकघरातल्या रांजणाला हिचा हात लागला तर सगळं पाणी बाटलं.

पोरीचं रडणं मग बारीक होत गेलं. गुणाबाईला आधी त्याचं बरं वाटलं. शेळीचं दूध बोळ्यानं दिलं ते पोरीनं ओकून टाकलं. मध चाटवला. लंगोटं धुवायला गुणाबाई रोज परसात न्यायची, एके दिवशी नेण्यासारखं काही नव्हतं. वाळत घातलेलं तसंच कोरडं पोरीखालून निघालं. पारबतानं ते हातात धरून पाहिलं.

दुपारी गुणाबाई टाळू भरायला बसली. लेकराच्या डोक्यावर मऊ जागा असते, तिथं रोज तेल जिरवायची रीत. तिनं बोटानं तेल सोडलं. रोज ते पसरून केसांत उतरे. आज ते उतरलं नाही. टाळूवर खळगा पडला होता, आणि तेल त्यात पणतीतल्यासारखं उभं राहिलं. गुणाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. पोरीनं डोळे उघडले नाहीत.

“टाळू पडली,” ती म्हणाली. पोर बाजेवर ठेवून ती उठली, आणि बुधरीला बोलवा, बुधरीला बोलवा, असं म्हणत ओसरीकडे धावली. उंबरा पहिल्यांदाच रिकामा झाला.

पारबताचा घाम त्या दुपारी थांबला होता. अंगातल्या माणसाकडे आता बंद करण्यासारखा तोच एक पाट उरला होता. कातडं कोरडं आणि तापलेलं होतं, जीभ टाळ्याला चिकटलेली. ती उभी राहिली तशी खोली फिरली आणि ती खाली आली. मग उभं राहायचा नाद सोडून ती रांगत निघाली. उंबरा, न्हाणी, गोठा. भुरीपुढे बादली नुकतीच ठेवली होती. म्हशीला विटाळ नसतो.

तिनं बादलीच्या कडेला दोन्ही हात लावले आणि तोंड बुडवलं. खारट, कोमट, वर कोंडा तरंगणारं ते पाणी ती प्याली. भुरीनं नाकानं तिला ढकललं, तिनं भुरीला खांद्यानं ढकललं. श्वासाला डोकं वर काढलं तेव्हा गोठ्याच्या तोंडाशी गुणाबाई उभी होती.

बादली ओढून घ्यायला ती एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली. पारबताच्या हनुवटीवरून कोंडा गळत होता.

“मी घेतलं,” पारबता म्हणाली. “माह्या हातानं. तुमच्या नाई.”

आणि पुन्हा तोंड बुडवलं.

गुणाबाईनंच तिला धरून खोलीत आणलं. बाजेवर निजवलं आणि यावेळी बाहेर न बसता ती आत, जमिनीवर बसली, सुनेच्या कपाळावर तळवा ठेवून. ती कशाची वाट पाहत होती हे पारबताला ठाऊक होतं. थोड्याच वेळात घाम फुटला. आधी वरच्या ओठावर, मग कपाळावर, मग गळ्यावरून ओघळ. गुणाबाईचा तळवा भिजला. तिनं तो काढला, पाहिला, आणि तिच्या तोंडून रुखमाचं नाव निघालं.

पारबताला मात्र उलटं वाटत होतं. घामावर दारातली झुळूक लागत होती आणि अंग निवत होतं. छातीतलं मुसळ हळूहळू सावकाश पडू लागलं होतं. तिला सांगायचं होतं की हा तो घाम नाही, पण त्याआधीच तिला झोप लागली.

बुधरी संध्याकाळी आली, पोरीच्या तोंडात कापसानं पाणी पिळून गेली. आपण नको म्हणावं की हो, हे गुणाबाईला ठरवता आलं नाही. रात्री सुनेनं मधे मधे उठून कोंड्याचं पाणी मागितलं. गुणाबाईनं बादली खोलीतच आणून ठेवली, हातात मात्र दिली नाही. पारबतानं आपली आपण घेतली.

रुखमासारखी थंडी भरून आली नाही. उजाडताना पारबताची छाती जड झाली, दुखू लागली. पोरीला लावलं. पोरीनं ओढलं, थांबली, जणू विश्वास बसत नव्हता, आणि पुन्हा ओढलं. गिळण्याचा बारीक आवाज खोलीत येऊ लागला. गुणाबाई कान देऊन ऐकत होती. पोरीचं पोट भरल्यावर तिनं नातीला मांडीवर घेतलं, आणि थोड्या वेळानं तिचं लुगडं मांडीवर ओलं झालं. ती उठली नाही. ओल तशीच पसरू दिली.

“पाण्यानं तुले काई झालं नाई,” ती म्हणाली.

“नाई.”

“मंग रुखमा कायनं गेली?”

पारबताला ठाऊक नव्हतं. खोटं बोलून काही तरी सांगावं असं तिच्या मनात आलं, पण सुचलं नाही. एवढी वर्षं या बाईजवळ निदान एक उत्तर होतं. ते काल सुनेनं म्हशीच्या बादलीतून पिऊन टाकलं होतं.

गुणाबाईनं बाजेखालचं घमेलं ओढून परसात नेलं. परत आणलं तेव्हा त्यात निखारे होते, पण थोडे. झरोक्यातल्या चिंध्या तिनं काढल्या नाहीत. कानाचं फडकं पुन्हा नीट बांधलं. बारशापर्यंत बाहेर पडायचं नाही, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि लोटा घेऊन आली. पाणी उकळून निववलेलं होतं. तो सुनेच्या हातात देईल असं वाटलं, पण तिनं दिला नाही. आपल्याच हातानं तिच्या ओठांशी धरला. डोळे पारबताच्या गळ्यावर खिळलेले.

पारबताला तो एका दमात रिकामा करता आला असता. ती हळू प्याली. एकेक घोट घेऊन थांबली, तो सुखरूप खाली उतरलेला सासूला दिसावा म्हणून.