सांध्याखालची खिरणी

मी एक जुना खुंट आहे. मित्रांनो, नाव ऐकून नाक मुरडू नका. चिकूच्या झाडापाशी तुम्ही येता, तेव्हा तुमची नजर आधी फांद्यांवर जाते, मग फळांवर जाते आणि तिथून थेट पिशवीत उतरते. तीच नजर जरा खाली आणा. जमिनीपासून हातभर उंचीवर खोडाला एक गाठ दिसेल. तिला सांधा म्हणतात. सांध्याच्या वर चिकू आहे. खाली मी आहे. मी चिकू नाही, मी खिरणी आहे. कोणी मला रायण म्हणतात.

उमरोळीजवळच्या एका रोपवाटिकेत मी रुजलो. आम्ही खिरण्या फार सावकाश वाढतो. माझ्या शेजारचे शेवगे बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेले आणि मी आपला चार पानांत रमलेला. पी हळद नि हो गोरी असे आमच्या कुळात चालत नाही. पण वाढ मंद असली की स्वप्ने पाहायला भरपूर सवड मिळते. मला नेहमी एकच स्वप्न पडे. मी डोंगराच्या उतारावर मोठा वृक्ष झालो आहे, माझ्या सावलीत गुरे बसली आहेत, फांद्यांना बोराएवढी पिवळी फळे लागली आहेत आणि ती खाऊन मुलांचे ओठ चिकट झाले आहेत. मुले ओठ पुसत पुन्हा वर हात करतात. मी आणखी फळे टाकतो. एवढेच स्वप्न होते, पण मला ते पुरत असे.

एके वर्षी बोईसर बागप्रेमी मंडळाची माणसे रोपवाटिकेत आली. त्यांत वसाहतीतले नोकरदार होते, शिक्षक होते, घर सांभाळून कुंड्या सांभाळणाऱ्या बाया होत्या. मंडळाची महिन्यातून एकदा सभा भरे आणि तिथे चहापेक्षा शेणखताची चर्चा जास्त रंगे. या खेपेला त्यांना भेटकलम शिकायचे होते. प्रत्येकाने खिरणीचे एकेक रोप निवडले. हेमाली नावाच्या मुलीने मला उचलले. नुकतीच ती लग्न होऊन तारापूरकडच्या एका मच्छीमार घरात आली होती. तिचे माहेर घोलवडकडचे. वडिलांची, म्हणजे अण्णांची, तिथे चिकूची वाडी होती. शिकवणी त्याच वाडीत भरली.

मंडळाच्या स्नेहाताई शिकवत होत्या. अण्णांच्या सर्वांत गोड चिकूला बांबूचे मचाण बांधले होते. मला पिशवीसकट त्यावर ठेवले आणि चिकूची एक फांदी माझ्याजवळ ओढून आणली. माझी थोडी साल तासायची, तिची थोडी साल तासायची आणि जखमेला जखम लावून घट्ट बांधायचे, असे ते काम.

"घाबरत कापू नकोस," स्नेहाताई म्हणाल्या. "घाबरलेला हात जास्त इजा करतो."

हेमालीचा चाकू अडखळला. अण्णा हसले. "माझ्या हातचं पहिलं कलम मेलं होतं गो. दुसरं जगलं. तू काप."

तिने कापले. मला चरचरले. मग चिकूच्या ओल्या अंगाला माझे ओले अंग लागले आणि वरून पट्टी आवळली गेली.

तो सबंध पावसाळा मी चिकूच्या कुशीत, जमिनीपासून उंच, मचाणावर काढला. खुंटाच्या जातीला असे हवेत राहायला कुठे मिळते? वारा आला की आम्ही दोघे एकत्र झुलत असू. कधी धुके येई आणि सगळी वाडी नाहीशी होई. तेव्हा आमच्या जखमेतून कोणाचे पाणी कोणाकडे जाते आहे, हे मलाही कळेनासे होई. मी नेहमीचे स्वप्न पाहायला जाई, तर त्यात पिवळ्या फळांच्या जागी तपकिरी चिकू लागलेले असत.

पाऊस सरला. सांधा जुळला. मग अण्णांनी सांध्याच्या वरचा माझा शेंडा छाटला आणि चिकूची फांदी तिच्या आईपासून तोडली. आता माझे पाय आणि तिचे डोके, असे एक झाड झाले. माझी चार पाने खाली पाचोळ्यात पडली होती. पदरी पडले पवित्र झाले, म्हटले आणि वरच्या पानांना पाणी पोचवू लागलो.

हेमालीने मला सासरच्या अंगणात लावले. तिथली माती रेताड होती. खाली खोलवर समुद्राचा आवाज यायचा. भरती आली की माती हळूच दबल्यासारखी वाटे. हेमालीची सासू जमनाबाई. बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या. दुपारी रिकामी पाटी घेऊन परतल्या की पाटी धुतलेले पाणी माझ्या बुंध्याशी भसकन ओतायच्या.

"आई, खारवलेल्या मासळीचं पाणी नका घालू," हेमाली सांगायची. "मंडळात सांगतात, मिठानं मुळं जळतात."

"आमी मिठावरच वाढलो ना? काय जललं आमचं?" जमनाबाई म्हणायच्या. पण दुसऱ्या दिवसापासून ते पाणी कुंपणाबाहेर पडू लागले. सुनेवर त्यांचा जीव होता, फक्त तो तोंडावर येत नसे.

दोन पावसाळे गेले. अण्णा वारले. पाठोपाठ त्यांची वाडी मोठ्या रस्त्याखाली गेली. घर राहिले, झाडे गेली. त्या दिवशी हेमाली माहेरहून आली ती घरात न जाता सरळ माझ्याकडे आली. चिकूचे एक पान तिने तळहातावर धरले. "अण्णांच्या वाडीतलं आता हे एवढंच उरलं," ती नवऱ्याला म्हणाली. हितेशने माझ्या बुंध्याशी तांब्याभर पाणी घातले. मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यावर एक झाड नव्हे, सगळी वाडी उभी होती.

दर रविवारी ती मंडळाने शिकवलेली कामे करायची. बुंध्याभोवतीची माती सैल करायची, आळे खोडापासून दूर सरकवायची, वाळक्या पानांचे पांघरूण घालायची. आणि जाता जाता माझ्या अंगावर एखादा फुटवा दिसलाच, तर अंगठ्याने खुडून टाकायची. तिला ते करताना बघायलाही लागत नसे. इतक्या सहज केलेले काम कोणी कोणाला सांगून ठेवत नाही.

मग हेमालीला दिवस गेले. आधी एकदा तिच्या पोटातले मूल राहिले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यापासूनच पडून राहायला सांगितले. ती आईकडे घोलवडला गेली. निघताना सासूला एवढेच म्हणाली, "आई, माझ्या चिकूला जपा."

जमनाबाई जपू लागल्या. माझ्या अंगावर फुटवा आला, तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून तो नीट पाहिला. "अगो बाय! सून तिकडं पोटुशी, न् हिला हिकडं पोर झालं!" त्यांनी त्याच्याभोवती काट्या रोवल्या. कोंबडी फिरकली तरी त्या हाकलत.

मित्रांनो, मी काय सांगू! ती माझी पाने होती. चिकूचे पान टोकाला निमुळते असते. माझ्या पानाच्या टोकाला छोटी खाच असते. इतक्या वर्षांनी ती खाच मला पुन्हा दिसली. खाली जे काही पाणी मिळे, ते आपोआप त्या कोंबाकडे वळे. जुन्या मुळांच्या जोरावर कोंब भराभर हातभर झाला, मग कमरेएवढा झाला. माझे जुने स्वप्न परत आले. डोंगराचा उतार, गुरे, पिवळी फळे. दुपारच्या उन्हात मी त्या स्वप्नात पार बुडून जात असे. वर चिकूची पाने पिवळी पडत होती, हे मला कळतही नव्हते.

फुलाफळांच्या प्रदर्शनाआधी मंडळाची माणसे सभासदांच्या बागा बघत फिरतात. तशा स्नेहाताई आमच्या अंगणात आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"जमनाताई, हा खालचा फुटवा काढायला हवा. आजच."

जमनाबाई पदर खोचून मधे उभ्या राहिल्या. "हात लावू नका त्याला! माझ्या सुनेला आठवा म्हयना हाय. ती गेली न् याला कोंब आला. ती मोकली होईस्तोवर याला कोन कापतो ते बघते मी."

स्नेहाताई हसल्या नाहीत. त्यांनी चपला बाजूला काढल्या, मातीत बसल्या आणि सांध्यावर बोट ठेवले. "हे बघा. याच्यावरचं झाड अण्णांचं. हेमालीच्या वडिलांचं. खालचं झाड वेगळं, खिरणीचं."

"एका खोडात दोन?"

"दोन. खालचं पाणी देतं, वरचं फळ देतं. पण खालच्याला स्वतःचा कोंब फुटला, की ते आधी त्यालाच पाजतं."

"पाजनारच," जमनाबाई म्हणाल्या. "आय हाय ती."

"हो. पण वरचं उपाशी राहिलंय. अजून थोडे दिवस असंच गेलं, तर ते वाळेल. मग नुसती खिरणी उरेल." स्नेहाताई उठल्या. जखमेला लावायचे मलम त्यांनी ओट्यावर ठेवले. "मी कापणार नाही, ताई. तुमचं घर, तुमची सून. तुम्ही ठरवा."

संध्याकाळी हेमालीचा फोन आला. जमनाबाई अंगणातच बसल्या होत्या. सुनेचा आवाज मलाही ऐकू येत होता. तिने आपल्या दुखण्याखुपण्याचे काही सांगितले नाही. एवढेच विचारले, "आई, माझा चिकू बरा आहे ना?"

"हाय," जमनाबाई म्हणाल्या. "तू नीज."

त्यांनी फोन ठेवला. चिकूचे एक पिवळे पान गळून त्यांच्या मांडीवर पडले. ते उचलून त्यांनी वर पाहिले, मग खाली माझ्या कोंबाकडे पाहिले. कोंबाला हात लावायला त्यांना भीती वाटत होती आणि चिकूकडे बघायला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून लवकर आल्या. हातपाय धुतले. नारळ आणला, कुंकू आणले आणि कोयता आणला. समुद्राला देतात तसा त्यांनी मला नारळ वाढवला. कोंबाला कुंकू लावले. मासळीवर सपासप चालणाऱ्या त्यांच्या हाताने कोयता दोनदा उचलून खाली ठेवला.

"तुजा मी घेते," त्या मला म्हणाल्या. "तू माजा राख."

आणि त्यांनी कोंब कापला.

दुखले का? फार दुखले. जखमेतून पांढरा चीक वाहू लागला. जमनाबाईंनी तो पदराने टिपला, पण तो थांबेना. मग मलम लावून त्या तिथेच माझ्या अंगावर हात ठेवून बसून राहिल्या. बाहेर भरती चढत होती आणि माती हळूहळू दबत होती.

मी ते मागणे ऐकले होते. पण खुंटाला काय करता येते? त्याला कोणाचे बाळ राखता येत नाही. खालचे पाणी वर देता येते, तेवढेच येते. मी ते दिले. जमिनीत होते नव्हते ते सगळे वर पाठवले. कितीतरी काळ मला कसले स्वप्नही पडले नाही. अंधारातून पाणी चढते आहे, चढते आहे, इतकेच जाणवत होते. आणि एका सकाळी चिकूच्या शेंड्याला तांबूस पालवी आली. त्याच आठवड्यात घोलवडहून फोन आला. जमनाबाई ओट्यावरून ओरडल्या, "पोरगी झाली! दोगी बऱ्या हायत!" मग त्या धावत अंगणात आल्या आणि आधी मला सांगितले, शेजाऱ्यांना मागून.

हेमाली बाळ घेऊन आली, तेव्हा तिला माझ्या अंगावरचा वण दिसला. वणावर कुंकू सुकले होते. जमनाबाईंनी सगळे सांगितले. हेमालीने वाकून एक हात सासूच्या पायाला लावला आणि दुसरा माझ्या वणाला. "काय हे, ओली बालंतीन तू, वाकतेस काय," असे म्हणत जमनाबाईंनी डोळे पुसले. नातीला उचलून त्यांनी तिची इवली बोटे आधी चिकूच्या पानाला लावली. "हा तुजा आजा." मग त्या खाली बसल्या आणि तीच बोटे माझ्या खरबरीत सालीला लावली. "न् ही..." त्यांना नाते सापडेना. "हिला पन हात लाव."

पुढे अण्णांच्या चिकूने मंडळाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवले. ताटलीपुढच्या पाटीवर फळाचे नाव होते, हेमालीचे नाव होते. माझे नव्हते. मला त्याचे वाईट वाटले नाही, सवय होती. पण माझे नाव का नाही म्हणून जमनाबाई तिथे सगळ्यांसमोर स्नेहाताईंशी भांडल्या, असे कानावर आले. आता मंडळाच्या प्रत्येक पाटीवर खाली एक ओळ असते, खुंट कोणता ते सांगणारी. लोक ती वाचत नाहीत म्हणे. न वाचोत.

आता माझी साल जाड झाली आहे. मित्रांनो, तुमच्या दारी कलम असेल तर एवढे करा. सांधा मातीत पुरू नका. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. आणि सांध्याच्या खाली फुटवा दिसला, तर तो दोन पानांचा असतानाच अंगठ्याने खुडा. दया करून वाढू देऊ नका. दोन पानांपर्यंत तो नुसता फुटवा असतो. त्यापुढे मला त्याचा लळा लागतो.