फिरत्या दांडीवरचे टणक उंदीर

आज सकाळी साडेसात वाजता सणसर गावी आबासाहेबांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडे झाले. त्यांचा मुलगा मल्हार याने बारामतीला थोरल्या बहिणीला, राजनंदिनीला, फोन लावला. ती तेव्हा माझ्याशेजारी उभी होती.

मित्रांनो, मी एक जुनी फिरती दांडी आहे. औषधनिर्माण महाविद्यालयाची प्रयोगशाळा हे माझे घर. मोटर सुरू झाली की मी फिरते आणि माझ्यावर ठेवलेला उंदीर तोल सांभाळत चालतो. तो किती वेळ टिकला, ते मी मोजते. माझे रबर झिजल्यावर मला कपाटामागे टाकले होते. राजनंदिनीने मला पुसून पुन्हा उभे केले.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्या मरतात. कॅल्शियमची ही वाट अडवणारी औषधे रक्तदाबावर देतात. ती पक्षाघातातही उपयोगी पडतील का, हे राजनंदिनी पक्षाघात घडवलेल्या उंदरांवर पाहत होती. औषध मिळालेले उंदीर माझ्यावर जास्त टिकले. सगळ्यांनी कौतुक केले, माझेही. तिने घरी जेवताना सांगितले, की उंदीर पुन्हा चालू लागले.

मग तिच्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमनी विचारले, औषधाचे उंदीर निवडले कसे?

"टणक बघून काढले," ती सहज म्हणाली. "बेणं निवडतो तसे."

तिच्या घरी उसाची लागण करताना रोगट कांडी बाजूला पडते, रसरशीत तेवढी सरीत जाते. तोच हात पिंजऱ्यात गेला होता. मॅडमनी निकालावर काट मारली; टणक उंदीर औषधाविनाही जास्त टिकले असते.

नवे उंदीर चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. औषध कुणाला मिळाले, हे मोजणाऱ्यालाही सांगितले नाही. काल ते माझ्यावर चढले आणि दोन्ही गट सारखेच पडले. औषधाचा उपयोग दिसला नाही, हे रविवारी घरी सांगेन, असे राजनंदिनी म्हणाली होती.

आज फोनवर मल्हारचा आवाज आला. "ताई, घाबरू नगंस. तुझं औषध दिलंय म्या. आबांच्याच बीपीच्या गोळ्या, त्याच जातीच्या हायत न्हवं? दोन जिभंखाली ठिवल्या."

राजनंदिनीने माझी कड घट्ट धरली. "आता तोंडात काय बी घालू नगं. पाणीसुद्धा न्हाय. गाडी काढ, बारामतीला दवाखान्यात आण."

"तूच म्हणलीस की, उंदरं चालाय लागली."

ती दवाखान्याकडे धावली. माझी मोटर चालूच राहिली.

मित्रांनो, मी खोटे मोजले नाही. जो चढला, त्याला मोजले. पण माझ्यावर कुणाला चढवले आणि कसे निवडले, हे विचारल्याशिवाय माझा निकाल घरी नेऊ नका.

दुपारी मॅडमना राजनंदिनीचा फोन आला. त्या गोळ्यांमुळे आबासाहेबांचा रक्तदाब फार खाली गेला आहे, तो सावरायचे प्रयत्न चालू आहेत. त्यांनी डोळे उघडले आहेत. अजून बोललेले नाहीत.