उंटाच्या कमरेतला दात

ताई खेळण्यांच्या कारखान्यात तपासनीस होती आणि तिचा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दोघं एकाच घरात राहत. तिच्या कारखान्यात बनणारा खेळण्यातला यंत्रमानव सांधे वळवले की ट्रक व्हायचा. डब्यातल्या कागदावर एवढंच छापलेलं असे, मानव नाहीतर ट्रक. पण धाकट्याच्या रविवारच्या मंडळींचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. पोटापाण्याला लागलेली, टक्कल पडत आलेली माणसं ती. बाहेरच्या खोलीत जमून कागदावर नसलेली रूपं शोधायची. कुणी त्याचा खेकडा केला, कुणी खुर्ची.

धाकट्याने उंट केला.

"कंबर उलटी फिरवायची, हात आत दुमडायचे, डोकं असं पुढे. बघ, राहिला की नाही उभा?"

उंट खरंच उभा राहिला, रुसलेल्या पाहुण्यासारखा तोंड वर करून. ताई पोट धरून हसली. हसता हसता तिची नजर कमरेच्या सांध्यावर गेली. तो पूर्ण फिरत होता. अर्ध्यावर थांबायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातल्या वहीत तशी नोंद केली. साहेब खूश झाले. पुढच्या मालात त्या सांध्यात तांदळाच्या कणीएवढा प्लास्टिकचा दात आला आणि कंबर अर्ध्यावर अडायला लागली. नोंद करताना ताईला काहीच वाटलं नव्हतं. हेच तिला पुढे खुपत राहिलं.

धाकट्याने नवा डबा आणून मंडळींसमोर उंट करायला घेतला आणि तोंडघशी पडला.

"ताई, तुमच्या कंपनीत कुणीतरी दीडशहाणा बसलाय."

"असेल," ताई म्हणाली.

त्यानंतर धाकटा घड्याळाच्या बारीक कानशीने तो दात घासून काढू लागला. आधी स्वतःच्या खेळण्यातला, मग मंडळींच्या, मग लांबलांबून टपालाने येणाऱ्यांमधला. दर वेळी दीडशहाण्याचा उद्धार व्हायचा. त्याला जाड भिंगाचा चष्मा आहे, बायको त्याला विचारत नाही, जेवायलासुद्धा तो मोजपट्टी घेऊन बसतो. मंडळी हसून लोळायची. चहा देताना ताईही हसायची. सांगायचं होतंच तिला. पण आज नको, उद्या बघू, असं करता करता तीस वर्षं गेली.

मग धाकट्याचे हात थरथरायला लागले. एका सकाळी त्याने कानस तिच्या हातात दिली.

"तूच घास गं आता. हळू. दीडशहाणा बघत असेल."

ताईने दात घासला. कंबर फिरली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दीडशहाणी म्हण. ती नोंद मी केली होती."

धाकटा बराच वेळ टेबलावरची पांढरी पूड बोटाने गोळा करत राहिला.

"तीस वर्षं शिव्या घातल्या गं तुला. आणि तू चहा देत होतीस."

"लाज वाटायची. म्हणून हसायचे."

"वेडी आहेस," तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

रविवारी मंडळी जमली. त्यांच्यातला जाड्या म्हणाला, "काय, दीडशहाण्याची नवी खबर?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं नाही.

"रिटायर झाला तो," तो म्हणाला.

कुणीतरी थोडंसं हसलं. मग मंडळींनी आपापले कप उचलले. ताई रिकामा ट्रे घेऊन दारात उभी होती. आपण तोंड मिटून राहिलो असतो, तर त्याला निदान तो चष्मेवाला तरी उरला असता, असं तिला वाटत राहिलं.