ऑर्केस्ट्रात खुर्ची नसलेला भोंगा

माझं नाव उच्चारताना तुमची जीभ अडखळेल, मित्रांनो. युफोनियम! मी एक जुना पितळी भोंगा आहे. जन्म मेरठचा. तिथल्या कारागिरांनी पत्रा वळवून माझी नळी केली, तिच्यावर सूर बदलणारे तीन पिस्टन बसवले आणि आभाळाकडे उघडणारं रुंद तोंड दिलं. शहापूरचे बँडमालक ज्ञानेश्वर यांनी मला आणलं आणि गोमाच्या मांडीवर ठेवलं.

गोमा मुरबाड रस्त्यावरच्या एका गावचा. पावसाळ्यात भाताची शेती करायचा, लग्नसराईत मला घेऊन वरातीत चालायचा. पुढे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट गाणं म्हणत, मागून मी नुसता पों-पों करत असे. आपला जन्म एवढ्यासाठीच आहे, असं मला वाटायचं. गोमालाही तसंच वाटत असावं.

१९९६ साली साईनाथ मास्तर आले. सैन्याच्या बँडमधून निवृत्त होऊन ते वाशिंदला राहायला आले होते. भाताची लावणी उरकली की कापणीपर्यंत दर रविवारी ते आमच्या तालमीच्या खोलीत येऊ लागले. सोबत एक टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेटी.

"आधी वाजवायचं नाय," त्यांनी सांगितलं. "आधी ऐकायचं."

त्यांनी एका जर्मन संगीतकाराची सिम्फनी, म्हणजे मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली लांबलचक रचना, लावली. मित्रांनो, त्या छोट्याशा यंत्रातून शंभर माणसं एकदम श्वास घेतात की काय, असं वाटलं! एक बारीक सूर उठला, त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि बघता बघता खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या झाल्या. ढोलवाला महादू तोंड उघडं टाकून बसला होता. गोमाची बायको गुणाबाई बाजाराला आली होती. आपला नवरा दर रविवारी करतो तरी काय, ते बघायला दारात आली आणि पिशवी हातात धरून तिथेच उंबऱ्यावर टेकली.

कॅसेट संपल्यावर गोमाने हळूच विचारलं, "मास्तर, ह्यात आमचा आवाज कंचा?"

मास्तरांनी कॅसेट काढून पिशवीत ठेवली. "ह्यात तुझा नाय रे गोमा. मोठ्या ऑर्केस्ट्रात युफोनियमला सहसा खुर्चीच नसते."

गोमाने मला पुसलं आणि कपड्यात गुंडाळून ठेवलं. त्या दिवशी तो मला फार जड मनाने घरी घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो जायलाच तयार नव्हता. गुणाबाई म्हणाली, "अवो जा की! त्या कॅसेटीतला पुढचा सूर मला अर्धाच आठवतोय. निदान तो तरी ऐकून या."

त्या दिवशी मास्तरांनी दुसरी कॅसेट लावली. हे संगीत नुसत्या फुंकवाद्यांच्या मोठ्या बँडसाठी लिहिलेलं होतं. आणि त्यात मधेच सगळे थांबले, आणि एकच वाद्य गाऊ लागलं. रुंद, ऊबदार, मायेने हाक मारावी तसा आवाज. गोमा ताडकन उठला.

"हा तर आपला!"

"तुझाच," मास्तर हसले. "आणि ती सिम्फनी बँडने वाजवायची म्हटली, की सेलो नावाच्या मोठ्या तंतुवाद्याची ओळ तुझ्याकडे येते. घेशील?"

मग खरा अभ्यास सुरू झाला. गोमा पाच रेघांवरचे ठिपके वाचायला शिकला. कुणी केव्हा गायचं, कुणी कुणाला वाट द्यायची, हे मास्तर कॅसेट थांबवून थांबवून दाखवत. गोमाला सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं.

"मास्तर, गप बसायचं पण लिवून ठेवलंय की!"

"तेच अवघड असतं," मास्तर म्हणाले.

गुणाबाई घरी सिम्फनीतली आमच्या वाट्याची संथ धून गुणगुणत भांडी घासायची. कागदावरचं तिला काही कळत नव्हतं, पण कान पक्का होता.

पुढच्या वर्षी नांगरताना बैलाने मान झटकली आणि शिंग गोमाच्या तोंडावर बसलं. वरचे पुढचे दोन दात गेले. जखम भरल्यावर त्याने मला ओठाला लावलं, तर नुसता वाऱ्याचा आवाज. त्याने मला खाली ठेवलं आणि पाठ फिरवली.

"झालं आता," तो गुणाबाईला म्हणाला. "मास्तरांना सांग, माझी ओळ दुसऱ्याला द्या."

"कुणाला देतील? दुसरा भोंगा हाय कुठं?" गुणाबाईने मला उचलून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवलं. "मधी जागा नाय तर कडंला लावा."

ओठाला टेकवायचं माउथपीस डाव्या बाजूला सरकवून त्याने पहिल्या सुरापासून पुन्हा सुरुवात केली. ओठ सुजायचे. गुणाबाई भात पाखडता पाखडता सांगायची, "आता वर चढताना पडलात. परत." कित्येक महिने आम्ही दोघं पडत होतो आणि ती पुन्हा उभं करत होती.

मुरबाडच्या एका शाळेच्या पटांगणात शेवटी आमचा कार्यक्रम झाला. थंडीची दुपार होती. "नाचायचं वाजवा रे!" मागून कुणीतरी ओरडलं. मास्तरांनी हात वर केला. त्या संथ धुनेतला माझा पहिलाच सूर फाटला. लोक हसले. मास्तरांनी हात खाली घेतला, गोमाकडे बघून धीराने मान डोलावली, आणि पुन्हा वर केला.

या वेळी सूर आला. तो माझ्यातून गेला तेव्हा माझं सगळं पितळ थरथरत होतं. हे कुणी परक्या देशात, परक्या काळात मनात आणलं, आणि ते आता भात पिकवणाऱ्या माणसाच्या श्वासाने चालतंय! माझ्यासारख्या पों-पों करणाऱ्याच्या पोटात एवढी मोठी जागा होती, हे मला माहीतच नव्हतं. पटांगणात हालचाल थांबली. संपल्यावर टाळ्याही आल्या नाहीत, कारण संपलंय हे कुणाला कळलंच नाही.

पहिल्या रांगेतून गुणाबाईचा आवाज आला, "अवो, येवढंच? परत वाजवा की!"

मग सगळं पटांगण तेच म्हणू लागलं. आम्ही परत वाजवलं.

पुढे मास्तर वारले. वरातीत डीजे आले, बँड मोडला, आणि मी बरीच वर्षं माळ्यावर भाताच्या कणगीशेजारी पडून होतो. माझे पिस्टन अडकले, अंगावर हिरवे डाग चढले. आता गोमाने मला खाली काढलं आहे. तो पिस्टनना तेल घालतो, फुंकून नळीत साठलेलं पाणी काढतो, पण दम त्याला पुरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य धूळ खात असेल तर ते पुसून ठेवा, एवढं तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. कुठे एखादा बँड दिसला आणि मागच्या रांगेत कुणी भोंगा घेऊन उभा असला, तर वरात संपल्यावर त्याच्याजवळ जा, आणि विचारा, "दादा, तुम्हाला आणखी काय येतं?"

आणि मग तो वाजवेल ते शेवटपर्यंत ऐका.