तिसऱ्या हाकेपर्यंत

बाळाच्या तळपायाला काजळाचं बोट लावता लावता गिरिजाबाईंनी सुनेला बजावलं, "भरदुपारी कुणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नकोस. तिसरीपर्यंत थांब. भूत दोनदाच हाक मारतं, आणि ओळखीच्या आवाजात मारतं."

वसंता हसली. बी.ए. झालेली मुलगी ती. "मग आत्याबाई, पोस्टमननं काय करायचं?"

"तो घंटी वाजवतो. सुम्मने, उगाच वाद घालू नकोस," असं म्हणून सासूबाई पिरियापट्टणला धाकट्या लेकाकडे निघून गेल्या.

पुढच्याच महिन्यात बाळाला, गुंडूला, ताप चढला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. लहान मुलांना तापात असा झटका येतो, डॉक्टर म्हणाले. वसंताला ते पटलंही. पण त्या दिवसापासून ती दुपारच्या हाका मोजू लागली.

नजरबादेतल्या त्या गल्लीत एरवी भुताचं कुणाला वावडं नव्हतं. शेजारच्या गोदावरीबाईंच्या तोंडी तर तो शब्द मिठासारखा सगळ्यातच पडे. उतू गेलेलं दूध भूत, वेळेवर न येणारी बन्नूरची बस भूत, आणि देवाघरी गेलेला नवराही भूतच. "आमचं भूत असतं तर हा नळ कधीच दुरुस्त झाला असता," असं म्हणताना मात्र त्यांचा आवाज मऊ होई. गुंडूचं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. देखण्या पोराचं कौतुक नावानिशी करू नये. परसातल्या भिंतीपलीकडून रोज विचारायच्या, "काय गं, भूत जेवलं का?"

"जेवलं. अर्धं माझ्या पदरावर."

"अय्यो, मग पदरच जेवला म्हण!"

तापानंतर मात्र वसंता म्हणाली, "मावशी, तो शब्द नको."

गोदावरीबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अगं, तो ऐकूनच ते लांब राहतं. इथं आपल्यातलंच एक आहे, असं समजून माघारी जातं."

त्या दुपारी नवरा कचेरीत होता. गुंडूचा नुकता डोळा लागला होता. कोपऱ्यावरच्या रंगराव शिंप्याचं मशीनही थांबलं होतं.

"वसंता."

परसाकडून. आवाज गोदावरीबाईंचाच, पण जिभेवर काही ठेवून बोलल्यासारखा. वसंता उठली, कडीला हात घातला आणि थबकली. गोदावरीबाई तिला कधी नावानं हाक मारत नसत. आधी भुताची चौकशी, मग बाकीचं.

"वसं... ता."

तिनं कडीवरचा हात काढला. झोपलेल्या गुंडूला उचलून छातीशी घट्ट धरलं. तिसरी हाक आली नाही. भिंतीवरचा कावळा उडून गेला. टळलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला बरं वाटलं.

गुंडू जागा झाला. तिनं त्याला भात भरवला. वाटी रिकामी झाली तरी भिंतीपलीकडून कुणी काही विचारलं नाही. नळाचं पाणी मात्र एकसारखं वाहताना ऐकू येत होतं.

वसंता धुण्याच्या दगडावर चढली.

गोदावरीबाई नळापाशी आडव्या पडल्या होत्या. लुगडं भिजलं होतं, तोंड एका बाजूला गेलं होतं. डोळे उघडे होते, आणि ते भिंतीच्या याच जागेकडे लागले होते.

पोराला काखेत मारून ती गल्लीत धावली. समोर येसाजीरावांचं दार बंद.

"काका!"

आतून पावलं आली. दारापाशी थांबली.

"काका, मी वसंता!"

कडी वाजली नाही. दाराच्या फटीत धोतराचा काठ दिसत होता. तो जराही हलत नव्हता. दारापलीकडे श्वास रोखून माणूस कशाची वाट बघतो, हे वसंताला कुणी सांगायला नको होतं. ती जीव खाऊन तिसऱ्यांदा ओरडली.

दार उघडलं. "अगं पोरी," येसाजीराव घाम पुसत म्हणाले, "तिसरी लगेच मारायची की नाही!"

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "पडल्या कधी?" वसंता गुंडूचं झबलं नीट करत राहिली.

गोदावरीबाई जगल्या. वाचा मात्र गेली, ती कायमचीच. आता त्या परसात खुर्चीवर बसून असतात. आणि तरीही एखाद्या दुपारी भिंतीपलीकडून हाक येते, पूर्वीच्याच आवाजात, नाव घेऊन. वसंता पहिल्याच हाकेला ओ देते. दगडावर चढून बघते. गोदावरीबाई डोळे मिटून बसलेल्या असतात.

पुढच्या महिन्यात वसंता दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी जाणार आहे. तेवढे दिवस दुपारच्या वेळी नजरबादेतून कुठं जाणार असाल, तर त्या भिंतीवरून एकदा डोकावून बघा. हाक आली नाही तरी बघा.