आहेराचा सीन

"ते काही नाही! नंबर एक कुठला, ते आज ठरलंच पाहिजे!" जयदीप बसच्या मधल्या दांड्याला लटकून ओरडला.

चाकणला जाणारी कंपनीची बस फाट्यावर अर्धा तास अडकली होती. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. अशा वेळी चार नंबरच्या बसमधली माणसं एकच काम करत: मराठीतला सगळ्यात भारी विनोदी सिनेमा कोणता, यावर एकमेकांचा जीव खात. दोन पक्ष होते. वेल्डिंगचा जयदीप, मूळचा लातूरकडचा, 'नवरदेव निघाला उलटा'च्या बाजूने. पेंटशॉपचा सुजित, चिपळूणचा, 'हवालदार घरजावई'वर जीव टाकणारा. सहा वर्षं भांडत होते, पण निकाल म्हणून नाही.

खिडकीशी बसलेले अर्जुनराव क्वालिटीत होते. वय सत्तावन्न. जातिवंत चऱ्होलीकर. बसमधले बाकी सगळे बाहेरगावचे, म्हणून ते यांना 'गाववाले' म्हणत. वाद निघाला की गाववाले बाहेर बघत बसायचे.

"अरे, हवालदारमध्ये गोष्ट आहे गोष्ट!" सुजित म्हणाला. "तुमच्या नवरदेवात आहे काय? एक तो आहेराचा सीन!"

"एक सीन? आवो, त्या एका सीनवर अख्खा महाराष्ट्र हसतोय तेहतीस वर्षं!" जयदीपने मोबाइल उघडला आणि बसच्या ग्रुपवर स्टिकर टाकलं. टिंग, टिंग, टिंग. सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी एक म्हातारा हात जोडून उभा राहिला. डोक्यावर फेटा नाही, चेहरा हसरा, खाली अक्षरं: 'सुखानं नांद गं बाई!'

अर्जुनरावांनी फोन उघडला नाही. बापाचा चेहरा फोनवर बघायची त्यांना गरज नव्हती.

त्याचं झालं होतं असं. सिनेमावाल्यांनी चऱ्होलीत देवळापुढे मांडव घातला, तेव्हा आबा, म्हणजे अर्जुनरावांचे वडील भिमाजी, पंधरा दिवस लेकीकडे राजगुरुनगरला होते. परत आले तर गावात सनई वाजतेय. घरी येऊन बायकोवर डाफरले, "गावातल्या पोरीचं लगीन, आन् आपल्या घरचा आहेर न्हाई? लाज हाय का?" ती माउली सांगत होती काहीतरी, पण ऐकतंय कोण. मांडव दिसला की रिकाम्या हातानं पुढून जायचं नाही, हा आबांचा नेम. फेटा बांधला, पितळी कळशीत तांदूळ भरले, वर खण-नारळ ठेवला आणि तरातरा चालत थेट बोहल्यावर गेले.

कॅमेरा चालू होता. दिग्दर्शकाने हाताने खूण केली, थांबवू नका. आबांनी नवरीला कुंकू लावलं, विचारलं, "पोरीचा बाप कुठाय?" हिरो इरसाल. त्याने कळशी उचलून स्वतःच्या डोक्यावर उपडी घातली आणि नाचायला लागला. तांदूळ सगळे मातीत. दुसऱ्याने आबांचा फेटा ओढला. आबांना वाटलं, वरपक्षाची थट्टा असेल. पाहुण्यांचं मन मोडू नये. हात जोडून हसत उभे राहिले आणि म्हणाले, "सुखानं नांद गं बाई!"

चोवीस वर्षांचा अर्जुन तिथे गर्दीतच होता. बाप कळशी घेऊन येताना त्याने लांबून पाहिला होता. दोन पावलं पुढे जाऊन हात धरला असता तर भागलं असतं. पण सिनेमाच्या युनिटच्या पोरी शेजारी होत्या, आणि ह्या अडाणी म्हाताऱ्याचा मी मुलगा, हे सांगायची त्याला शरम वाटली. सगळे हसले, तसा तोही हसला. आबांनी त्याला हसताना पाहिलं.

पोचा पडलेली कळशी आबा घरी घेऊन आले, ते पुन्हा कुणाच्या लग्नाला म्हणून गेले नाहीत. अर्जुनच्या लग्नात मांडवात चुलता उभा राहिला आणि आबा गोठ्यात बसले. बोलावणं आलं की एकच विचारत, "लगीन खरं हाय ना?" गाव त्यावरही हसे.

"मतं घ्या, मतं!" कोणीतरी म्हणालं. हात वर झाले. अकरा-अकरा.

"गाववाले ऱ्हायले!" जयदीप त्यांच्या सीटवर येऊन टेकला. "आवो, शूटिंग तुमच्या चऱ्होलीत झालं, तुमी तर बघितलंच असंल. सांगा की, कोण होता तो म्हातारा? काय ॲक्टिंग केलीय राव!"

अख्खी बस वळून बघायला लागली. सांगून टाकावं एकदाचं, असं अर्जुनरावांच्या मनात आलं. पण मग उद्यापासून बसमध्ये आपलं नाव काय पडेल, तेही लगेच आलं.

"ॲक्टर होता," ते म्हणाले. "पुण्याचा."

"तरीच! खऱ्या माणसाला जमतंय का असं! मग मत कुणाला?"

आता हवालदारला मत दिलं तर हे खोदून विचारणार, का म्हणून. अर्जुनरावांनी 'नवरदेव'साठी हात वर केला. बस दणाणली. जयदीपने सुजितच्या पाठीत गुद्दा घातला. "हरला! आता शिक्षा. अठरा तारखेला अर्जुनरावांच्या सायलीचं लग्न हाय. तिथं सुजितनं म्हातारा करायचा, मी हिरो!"

"नको रे," अर्जुनराव म्हणाले. "व्याही काय म्हणतील?"

"व्याही पोट धरून हसतील! तुमी फकस्त बघा."

नको म्हणजे नको, असं ठणकावून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तेवढ्यात ट्रेलर हलला, बस सुटली आणि विषयही सुटला.

घरी वेगळीच लढाई चालू होती. सायली आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आबा मांडवात नसतील तर अंतरपाटच धरू देणार नाही, म्हणून बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आबा पत्रिका डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "हितं तर लिवलंय, आहेर आणू नये. मंग मी कशाला येऊ?"

"तुमचा एकट्याचा घेणार, आबा," सायली म्हणाली.

"हसत्याल लोकं."

"आपल्या मांडवात? कुणाची हिंमत आहे? मी उभा आहे ना," अर्जुनराव म्हणाले.

आबांनी लेकाकडे पाहिलं. मग माळ्यावरून कळशी काढायला सांगितली. चिंच लावून स्वतः घासली, पण पोचा काही गेला नाही.

लग्न मोशीच्या लॉनवर, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. अक्षता पडल्या, हार झाले. तेहतीस वर्षांनी फेटा बांधून आबा पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. मांडीवर उपरण्यात बांधलेली कळशी. डोक्यावरून क्रेनचा कॅमेरा फिरे, आणि स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर सगळं लग्न दिसे. फोटो आटोपले की नातीला कुंकू लावायला वर जायचं, म्हणून त्यांनी उपरण्याची गाठ सोडली. तेवढ्यात माइकवर जयदीपचा आवाज आला.

"मंडळी, मुलीच्या वडिलांसाठी कंपनीकडून खास भेट! महाराष्ट्रातल्या एक नंबर सिनेमातला एक नंबर सीन!"

धोतर नेसलेला, फेटा बांधलेला, कापसाच्या मिश्या लावलेला सुजित प्लॅस्टिकची कळशी घेऊन लटपटत आला. "पोरीचा बाप कुठाय?" जयदीपने कळशी स्वतःच्या डोक्यावर उपडी घातली, नाचला, सुजितचा फेटा ओढला. लॉन हसून लोटपोट झालं. गावातल्या माणसांनी आधी आबांकडे पाहिलं, आणि मग तीही हसली. जरा जास्तच हसली.

स्टेजवर अर्जुनरावांना वाटलं, खाली उडी मारावी, माइक हिसकावून घ्यावा, म्हणावं, बाप आहे तो माझा! पण शेजारी व्याही पोट धरून हसत होते. पुढून फोटोवाला ओरडला, "काका, स्माईल!"

अर्जुनराव हसले.

आबांनी त्यांना हसताना पाहिलं. मग वर क्रेनकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. सायलीला कळलं तशी ती शालू सावरत धावत खाली आली. "आबा, चला ना वर. मला कुंकू लावा."

"लगीन खरं हाय ना गं?"

"असं काय बोलता! मी सायली आहे, आबा. तुमची सायली!"

"व्हय बाई," आबा म्हणाले. "त्या येळची पोरगीबी लई गोड व्हती."

त्यांनी उपरण्याची गाठ पुन्हा बांधली, घट्ट. दोनदा ओढून पाहिली. कळशी खांद्यावर घेतली आणि जेवणाच्या पंगतीकडे न वळता गेटकडे चालू लागले. सायली मागे जायला निघाली, तर फोटोवाल्याने तिला हाताने थांबवलं; फ्रेम खराब होत होती.

जयदीप फेटा हातात घेऊन बघत राहिला. त्याने मोबाइल काढला, स्टिकर उघडलं, परत म्हाताऱ्याकडे पाहिलं. स्टेजजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "अर्जुनराव, तुमी तर पुण्याचा ॲक्टर म्हणला होता..."

अर्जुनरावांचे ओठ अजून फोटोसाठी ताणलेले होते.

क्रेनवाल्याला तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, त्याने कॅमेरा वळवला. पडद्यावर आबांची पाठ आली, वाकलेली, खांद्यावर कळशी. गेटपर्यंत कॅमेरा त्यांच्या मागेमागे जात राहिला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी हात तोंडाशी धरून आरोळी ठोकली, "सुखानं नांद गं बाई!"

सगळं लॉन पुन्हा हसलं.