विरजणापुरतं दुःख

मुख्याधिकारी साहेबांच्या छातीत कळ आली आहे, असं नगरपालिकेतल्या सत्ताधाऱ्यांच्या मित्रपक्षाच्या भास्करअण्णांनी सकाळीच पत्रकारांना सांगून टाकलं. दहा वाजले तरी कळ काही येईना. तेव्हा अण्णा वाटी घेऊन केशरबाईंच्या दारात दुःखाचं विरजण मागायला आले.

"थोडंच द्या, मावशी. विरजणापुरतं," ते म्हणाले. "साहेबांना अटक व्हायची वेळ आलीय. डॉक्टर छाती तपासतायत, तर आत काहीच नाही. ठणठणीत!"

सारवासारवीत अण्णांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता. साहेबांनी पास केलेली पाण्याची टाकी पहिल्यांदा भरली त्याच दिवशी कोसळली आणि खाली नळावर उभी असलेली केशरबाईंची जयू गेली. तेव्हाही अण्णा म्हणाले होते, टाकी पडलेली नाही, दमून जरा खाली बसली आहे. त्या दिवसापासून टाकी चौकात मांडी घालून बसली होती आणि लोक तिला वळसा घालून बाजाराला जात होते. अण्णांनी बोलावं आणि वस्तूंनी मुकाट तसं वागावं, याची गावाला सवयच झाली होती. छातीतली कळ मात्र नुसत्या बोलण्याने येत नाही. ती कुणाच्या तरी घरून आणावी लागते.

केशरबाईंचं दुःख जाळीच्या कपाटात, मातीच्या गाडग्यात होतं. चार महिन्यांत ते इतकं घट्ट लागलं होतं, की गाडगं उपडं केलं तरी हललं नसतं. विरजणाला आलेल्या माणसाला रिकाम्या वाटीने पाठवायची त्यांच्या घरची रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, कळू दे त्या माणसाला एकदा, कसं असतं ते.

"गुरुवारी माझा जबाब आहे," त्या म्हणाल्या. "फौजदार विचारणार, टाकी कुणी पास केली, पोरगी कशी गेली. त्याच्या आत माझं मला पाहिजे."

"बुधवारी आणून देतो. शब्द आहे आपला."

विरजण देताना चमचाभर मागे राखावं, हे परकरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. केशरबाईंनी राखलं नाही. रडून रडून त्यांची खात्रीच पटली होती, की हे काही जन्मात संपायचं नाही. त्यांनी गाडगंच अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी वाटी भरली, मग बोट घालून तळही निपटून घेतला.

दुपारी केशरबाईंना कडकडून भूक लागली. त्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला, तो चविष्ट लागला, आणि त्या गाढ झोपल्या. उठल्या तेव्हा भिंतीवर कुण्या मुलीचा हार घातलेला फोटो होता. नाव ओठांपर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. वाईट वाटत नाही, याचंही त्यांना वाईट वाटेना.

सांत्वनाला आलेली नणंद उंबऱ्यावरच थांबली. "इथं आता काही नाही, वैनी," ती म्हणाली. "दवाखान्यात आहे म्हणतात." ती रिक्षा करून तिकडे गेली. मंगळवारी सगळी भावकी गेली. घर एवढं हलकं झालं, की वारा आला की वीतभर वर उचललं जाई. केशरबाईंनी दारात पाटा आणून ठेवला, तेव्हा कुठे ते जागेवर राहिलं. बुधवारी अण्णा आले नाहीत.

गुरुवारी केशरबाई रिकामं गाडगं घेऊन दवाखान्यात गेल्या. फौजदार तिथेच येणार होते.

खाटेभोवती त्यांचीच सगळी माणसं डोळ्यांना पदर लावून उभी होती. विरजण चांगलंच लागलं होतं. साहेबांचे डोळे सुजले होते, तीन दिवसांत अन्नाचा कण पोटात गेला नव्हता. उशाशी उभे असलेले अण्णासुद्धा जरा धास्तावलेले दिसत होते.

"साहेब, माझं परत द्या," केशरबाई म्हणाल्या. "चमचाभर तरी द्या."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझी जयू गेली हो, बाई," ते म्हणाले. "दुधावरची साय आवडायची नाही तिला. बोटाने काढून कपाच्या कडेला लावायची."

चांगली मुलगी असणार, असं केशरबाईंना वाटलं.

"मीच पाठवलं तिला पाण्याला. परीक्षा होती, वाचत बसली होती. मी म्हटलं, दोन घागरी आण आणि मग बस." एवढं बोलून साहेबांनी असा हंबरडा फोडला, की नर्सनेही तोंड फिरवलं.

फौजदार कागद घेऊन आत आले. अण्णांनी केशरबाईंकडे बोट दाखवलं.

"बोला, बाई," फौजदार म्हणाले. "टाकीचं काय झालं होतं?"

केशरबाईंनी आत शोधून पाहिलं. आत घासूनपुसून लख्ख होतं. समोर मात्र एक माणूस ऊर फुटेस्तोवर रडत होता, आणि रडत्या माणसाकडे पाठ फिरवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी गाडगं खाली ठेवलं आणि साहेबांचा हात हातात घेतला.

"असं मनाला लावून घेऊ नका, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमचा काय दोष त्यात?"

फौजदारांनी तेवढंच लिहून घेतलं. केशरबाईंचा उजवा हात साहेब काही सोडेनात, म्हणून अण्णांनी त्यांचा डावा अंगठा हलकेच उचलला आणि शाईत बुडवला.